बदामसात आणि झोपलेले जंतू

डॉ. ऋजुता कानविंदेनं पडद्यावरचा आलेख पुन्हा एकदा तपासला. पल्लवी मगदूमच्या फुप्फुसातले जंतू जवळजवळ नाहीसे झाले होते. पण तिचा धाकटा भाऊ सुमेध, त्याचेही. आणि चाचणीत जंतूंना जागं करणारा संकेत फक्त पल्लवीला मिळत होता; सुमेधला तर तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी दिलं जात होतं.

दोघांनाही जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. चिकट कफात जंतूंनी वर्षानुवर्षं ठाण मांडलेलं.

"म्हणजे तुझा जागृतिसंकेत निकामी," विभागप्रमुख थत्ते सर म्हणाले. "प्रतिजैविक दोघंही श्वासावाटे घेतात. ते थेट फुप्फुसात पोचतं, रक्तात फारसं उतरत नाही. त्यानंच काम झालं असणार."

"तेच औषध ते कितीतरी वर्षं घेताहेत, सर. ते फक्त जागे जंतू मारतं. झोपलेले वाचतात आणि पुन्हा वाढतात. म्हणून तर आधी संकेताच्या फवाऱ्यानं त्यांना उठवायचं आणि लगेच औषध द्यायचं."

"आणि मिठाच्या पाण्यानं कोण उठतं? समितीला कळवून चाचणी बंद करू."

चाचणी बंद, म्हणजे पल्लवीचा संकेतही बंद. जिना न थांबता चढायला ती आत्ता कुठे लागली होती.

ऋजुता शेजारच्या खोलीत गेली. भावंडं तपासणीसाठी आलेलीच होती.

"घरी घेता तसंच घ्या. मी नुसती बघते."

दोघांनी आधी श्वासनलिका रुंदावणारं औषध ओढलं, मग खोकून कफ मोकळा केला. क्रम अगदी बरोबर. मग त्यांनी खुर्च्या समोरासमोर ओढल्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. पल्लवीनं पिशवीतून पत्ते काढले आणि आपल्या फवारायंत्राची, उच्छ्वासातलं औषध अडवणारी गाळणी उपसून बाजूला ठेवली.

"ती का काढलीस?"

"डोळ्यांसमोर येते, मॅडम. पत्ते दिसत नाहीत. आणि हा डोकावून घेतो."

"हरते म्हणून सांगते," सुमेध म्हणाला.

"नळी तोंडात धर," पल्लवीनं दटावलं.

दोघांचे फवारे सुरू झाले आणि बदामसातही. खिडकीतल्या उन्हात पल्लवीच्या उच्छ्वासाचं धुकं तरंगत सुमेधपाशी गेलं आणि त्याच्या श्वासाबरोबर आत ओढलं गेलं. थोड्या वेळानं दोघांनी यंत्रात प्रतिजैविक भरलं.

ऋजुतानं सरांना बोलावलं.

"शंभरातला एखादा भाग गेला असेल त्याच्याकडे," काचेआडून बघत सर सावकाश म्हणाले. "तेवढ्यानं उठले?"

"उठले, आणि औषध वेळेवर आलं म्हणून मेले."

"नसतं आलं तर उठलेले जंतू वाढत सुटले असते," सर म्हणाले. "समितीला मीच लिहितो. चाचणी चालू, मात्रा शंभरपट कमी. आणि ती गाळणी आधी बसव."

ऋजुतानं गाळणी खाली वळवून बसवली. पल्लवीला आता पत्ते दिसत होते.

"पण उद्यापासून वेगळ्या खोल्या. पत्ते फोनवर."

सुमेधनं नळी काढली. "माझं मिठाचंच पाणी होतं ना? खारटच लागायचं. आता मलाही खरं औषध द्याल?"

"तुला पहिल्या दिवसापासून मिळतंय," ऋजुता म्हणाली. "ताईकडून."