प्रतिध्वनीची जागा

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. प्रभाकरराव कूलरच्या वाळ्याच्या ताट्या आणायला वर्ध्याच्या बाजारात गेले होते, आणि परतताना त्यांनी पोस्टात थांबून एक पाकीट सोडवून आणलं. पोस्टमन बोरगाव मेघेतल्या त्यांच्या घरी दोनदा येऊन गेला होता. पण शकुंतलाबाईंनी दार उघडलं नव्हतं. जानेवारीपासून त्या कुणालाच दार उघडत नसत, आणि नवऱ्याशी बोलतही नसत. दोन वेळचं ताट वाढायचं, दिवा लावायचा, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसायचं, एवढंच.

पाकिटावर पुण्याचा पत्ता होता. प्रभाकररावांनी ते लगेच फोडलं नाही. आधी जुन्या ताट्या काढल्या, नव्या बसवल्या, टाकीत पाणी भरलं. ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला. मग मात्र करायला काही उरलं नाही, तेव्हा ते बैठकीतल्या दिवाणावर बसले आणि पाकीट उघडलं.

आत एक पेन ड्राइव्ह होता आणि दोन पानांचं पत्र. पत्र उज्वला मॅडमचं होतं. पौर्णिमा पुण्यात ज्या गायकवृंदात गात होती, तो त्या चालवत.

पौर्णिमा त्यांची एकुलती एक मुलगी. गाणं तिला बापाकडूनच मिळालं होतं. प्रभाकररावांचं वर्ध्यात भांड्यांचं दुकान, पण गुरुवारी भजनाला ते पेटी घेऊन बसले की पाच वर्षांची पौर्णिमा मांडीला मांडी लावून त्यांच्या मागे मागे सूर ओढायची. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेली आणि या परदेशी गाण्याच्या नादी लागली. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न समुद्रपूरच्या एका घरात ठरलं. प्रभाकररावांनी मुलाच्या वडिलांना शब्द दिला, सुपारी फुटली, आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी पौर्णिमा म्हणाली, "बाबा, मले हे लग्न नाई करायचं. मी आधीच सांगतलं होतं. तुमी आयकलंच नाई."

प्रभाकररावांचा तोल गेला. चार नातेवाइकांच्या देखत ते ओरडले, "मी शब्द देल्ला हाय लोकाइले! माया शब्दाची किंमत नसन तुले, तं या दारातून पुन्हा पाय आत टाकजो नको!"

ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे बाबा. तुमचा शब्द मी पाळीन."

आणि तिनं तो पाळला. त्या दिवाळीत ती आली ती फाटकापर्यंतच. आईनं हात धरून ओढलं, तरी आली नाही. फाटकावरूनच आईच्या हातात साडी दिली आणि रस्त्यानं चालती झाली. प्रभाकरराव आतून खिडकीच्या पडद्याआडून पाहत होते. एक हाक मारायची होती. नाही मारली.

यंदाच्या जानेवारीत तिला ताप आला, मेंदूत गेला. प्रभाकररावांची गाडी भुसावळच्या पुढे असताना ती गेल्याचा फोन आला. पुण्यात दवाखान्यात कुणीतरी विचारलं, "घरी न्यायचं का?" त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. लोकांनी त्याचा अर्थ 'नाही' असा घेतला. ती तिथेच जळाली. त्या दारातून तिची मातीसुद्धा आत आली नाही.

पत्रात उज्वला मॅडमनी लिहिलं होतं:

'काका, हे आमचं ध्वनिमुद्रण. साडेतीनशे वर्षांपूर्वीची रचना आहे. यात नाटक नसतं, नुसतं उभं राहून गोष्ट गायची. गोष्ट बायबलातली. इफ्ताह नावाचा एक सेनापती लढाईला जाताना देवाला शब्द देतो, की मी जिंकून आलो तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल, ते तुला बळी म्हणून अर्पण करीन. तो जिंकतो. घरी येतो, तर दारातून डफ वाजवत, नाचत येते त्याची एकुलती एक मुलगी. बाप कपडे फाडून रडतो. मुलगी म्हणते, बाबा, शब्द दिलाय ना, मग पाळा. फक्त दोन महिने द्या, मी मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडून येते. डोंगरात ती गाते तेव्हा तिचा शेवटचा शब्द डोंगराचे कडे परत देतात. तो प्रतिध्वनी पौर्णिमा गाणार होती, सभागृहाच्या बाजूच्या दाराआड उभी राहून. मुद्रणाच्या दोन दिवस आधी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिच्या जागी आम्ही कुणालाच उभं केलं नाही. गाताना मध्येच गाणारी जिथे थांबेल आणि काहीच ऐकू येणार नाही, तिथे आपली पौर्णिमा आहे असं समजा.'

प्रभाकररावांनी पत्र दोनदा वाचलं. मग भजनी मंडळाचा स्पीकर कपाटातून काढला.

भर दुपार होती. वर्ध्यातली मे महिन्याची दुपार म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं-खिडक्या बंद, बाहेर पांढरं फटफटीत ऊन, आत काळोख. कूलरच्या घरघरीत नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी तो बंद केला. घर एकदम गप्प झालं. ताट्यांतून टाकीत पडणारे थेंब तेवढे ऐकू येत राहिले.

गाण्याची भाषा त्यांना कळत नव्हती, पण गोष्ट कळत होती. हा बाप. ही लढाई. हा मुलींचा घोळका, आनंदात. मग एकाएकी सगळं मंदावलं आणि एकच मुलगी गाऊ लागली. तिनं एक ओळ म्हटली, शेवटचा शब्द लांबवला आणि थांबली.

काहीच नाही. चार ठोके शांतता.

पुन्हा ओळ. पुन्हा शांतता.

प्रभाकररावांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. लेकीचं गाणं त्यांनी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं; आणि आता ऐकत होते तर तिची रिकामी जागा. त्यांनी ते संपेपर्यंत ऐकलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा चार वाजत आले असतील.

तिसऱ्या वेळी गाणारीनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. आणि त्या शांततेत कुणीतरी शेवटचा शब्द परत म्हटला.

हलका आवाज. स्पीकरमधून नव्हे... दाराबाहेरून.

प्रभाकररावांनी कान टवकारले. भास असेल, असं त्यांनी मनाला बजावलं. दुसरी ओळ आली. थांबली. बाहेरून उत्तर आलं. या वेळी आणखी जवळून, उंबऱ्याच्या पलीकडून. स्वर लावण्याआधी किंचित खालून उचलायची ती लकब... भजनात ते स्वतः तसं करत, आणि मांडीला मांडी लावून बसलेली पोर ते उचलायची.

त्यांनी स्पीकर बंद केला.

टाकीत थेंब पडत होते. टप्... टप्...

बाहेर तो शब्द एकदा अजून म्हटला गेला. मग गप्प. कुणीतरी उभं राहून वाट पाहावी, तसं गप्प.

"कोन हाय...?" त्यांनी दाराकडे पाहत विचारलं.

"तुमाले मालूम हाय कोन हाय थे."

ते दचकून वळले. शकुंतलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चार महिन्यांत पहिल्यांदा बोलल्या होत्या.

"तू... तू बी आयकलं?"

"मी रोजच आयकतो. दुपारी येते अन् दाराशी उभी राह्यते." पदराचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं. "म्हनून तं दार उघडत नव्हतो मी. उघडून तरी काय करू? माया बलावण्यानं येत नाई ना थे. तुमी सांगतलं हाय तिले, पाय टाकू नको म्हनून."

प्रभाकरराव दाराकडे गेले. कडी दोनदा हातातून सुटली. तिसऱ्यांदा ती खडकन निघाली. दार उघडलं तसा उन्हाचा लोट तोंडावर आला, डोळे दिपले. अंगण रिकामं होतं. फाटक बंद. तापलेल्या फरशीवरून नुसती हवा हलत होती.

तरी ते बोलले. म्हातारा माणूस उंबऱ्यात गुडघ्यांवर बसला आणि लहान लेकरासारखा रडत बोलला, "चुकलं माह्यं, माय. मी माया शब्द मागं घेतो. आयकून राह्यली ना? मागं घेतला म्या. ये माय, घरात ये... सगळ्या घरात ये..."

कुणी आलं नाही. काही दिसलं नाही. नुसता गरम वारा त्यांच्या अंगावरून आत गेला, बराच वेळ जात राहिला, आणि मागच्या खोलीतला पडदा हलला.

त्या दिवसापासून दाराबाहेर आवाज आला नाही. प्रभाकररावांना वाटलं, लेकीचा जीव सुटला. शकुंतलाबाई उठून कामाला लागल्या, दोन शब्द बोलू लागल्या. एकदा तर त्या मागच्या खोलीत एकट्याच काहीतरी गुणगुणत होत्या. प्रभाकररावांनी ते मनावर घेतलं नाही.

आठव्या दिवशी, संध्याकाळी, उज्वला मॅडमचा फोन आला. आवाज बावरलेला होता.

"काका, तुम्हाला मी पाठवलेलं मुद्रण... तुम्ही त्यात काही केलंत का?"

"मले काय करता येते त्यातलं, मॅडम?"

"नाही, म्हणजे... माझ्याकडच्या मूळ मुद्रणातही आहे ते. वृंदातल्या सगळ्यांकडे पाठवलेल्यात आहे. आठवडाभरापूर्वी नव्हतं. मी शंभरदा ऐकलंय, नव्हतं. शेवटच्या समूहगानानंतर कडी काढल्याचा आवाज येतो. मग एक माणूस रडत बोलतो. ये माय, घरात ये, म्हणतो. काका, तो आवाज तुमचा आहे. मी दवाखान्यात तुमचं रडणं ऐकलंय..."

प्रभाकररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मग...? आली का थे? मॅडम, सांगा ना, आली का माई पोरगी?"

उज्वला मॅडमनी आवाज खाली आणला.

"पावलं ऐकू येतात. अनवाणी. मुलीचीच वाटतात. आत येतात."

"आली..." प्रभाकरराव भिंतीला टेकले. "आली माय..."

"काका, ऐका ना. एवढंच नाही. ती आत गेल्यावर दुसरी येते. मग आणखी एक. मग... मी मोजायचं सोडून दिलं, काका. मुद्रण संपतं तोवर त्या येतच असतात. सगळ्या मुलीच आहेत. कोण आहेत या?"

इफ्ताहच्या लेकीबरोबर डोंगरात रडायला गेलेल्या त्या मैत्रिणी प्रभाकररावांना आठवल्या; फोन कधी बंद झाला, हे त्यांना कळलं नाही. ते भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले. शकुंतलाबाई ओट्याखालची मोठी परात पुढ्यात घेऊन कणीक मळत बसल्या होत्या. लग्नकार्यात काढतात ती परात, काठोकाठ भरलेली. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आलेलं समाधान.

"शकुंतला... येवढी कणीक? कोनासाठी?"

त्यांनी मागच्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं आणि ओठांवर पिठाचं बोट ठेवलं.

"हळू बोला ना. आताच डोळा लागला साऱ्या पोरीइचा."