तू जा, मी सांभाळतो

रोजगार कचेरीला फोन लागणं म्हणजे वाळू रगडून तेल काढणं, हे धाकट्याला एव्हाना पटलं होतं. कचेरी उघडली रे उघडली की तो नंबर फिरवायचा. एक बाई गोड आवाजात 'आपण रांगेत आहात' म्हणायची, मग एक रडकी धून सुरू व्हायची आणि दुपारी केव्हातरी लाइन आपोआप कटायची. समक्ष जावं, तर दारावरचा शिपाई सांगायचा, "नोंद फक्त फोनवर." आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. आज नोंद झाली नाही तर बेकारभत्ता बुडाला, आणि मग आईचं औषध कुठून आणायचं हे धाकट्याला ठाऊक नव्हतं.

आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. फोन बाहेरच्या टेबलावर, आणि त्याची वायर इतकी आखूड की उठून उभं राहायचीही पंचाईत.

धाकटा हे त्याचं कारखान्यातलं नाव. केस पिकले तरी ते सुटलं नाही, कारण समोरच्या यंत्रावर त्याचा थोरला दोस्त होता, बोका. दोघं बुटांचे तळ कापत. बोका नुसता नावाचा बोका. जन्मभर जगासाठी बूट बनवले, पण स्वतःचा डावा बूट असा करकरायचा की तो फाटकातून शिरला की साऱ्यांना कळायचं. यंत्रं सुरू झाली की मात्र कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. मग दोघं मधल्या लोखंडी पाटावर ठोकायचे. ते हाताला कळायचं. एक ठोका म्हणजे 'आहेस ना?' दोन म्हणजे 'आहे.' तीन म्हणजे 'तू जा, मी सांभाळतो.' तीन ठोके पडले की दुसऱ्यानं खुशाल चहाला जावं, त्याच्या यंत्राची काळजी करू नये.

कारखाना बंद पडला आणि दोघं एकाच दिवशी घरी बसले. बोका महिन्याभरात गेला. भाच्यानं दार फोडलं तेव्हा तो खुर्चीतच होता, हातात रिसीव्हर, आणि त्यातून कचेरीची तीच धून वाजत होती. बोका गेल्याचं धाकट्यानं आईला सांगितलं नाही. तिचा बोक्यावर फार जीव होता. सुट्टीला तो यायचा, तिचे पाय चेपायचा आणि तिच्या शिव्या आवडीनं खायचा.

आज धून बराच वेळ वाजत होती. तिच्यामागे कुठेतरी एक ठोका पडला.

जुन्या वायरी, दुसऱ्या कुणाची लाइन मिसळली असेल, असं धाकट्यानं स्वतःला समजावलं. थोड्या वेळानं पुन्हा एक ठोका आला. आपण काय करतोय याची त्याला लाज वाटली, तरी त्यानं बोटानं टेबलावर दोनदा ठोकलं.

मग बराच वेळ हेच चाललं. अधूनमधून तिकडून एक, इकडून दोन. भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर कारखाना सुटल्यापासून त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आतून धप्पकन आवाज आला.

"आई?"

रिसीव्हर हातात घट्ट धरून धाकटा अर्धवट उठला. नेमका आत्ताच नंबर लागला तर? आणि आईला काही झालं असेल तर?

कानात तीन ठोके पडले.

त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि आत धावला.

आई पलंगाखाली घसरली होती. "लागलं नाही रे," ती म्हणाली, "तांब्या घ्यायला गेले." त्यानं तिला उचललं, पाणी पाजलं, पांघरूण नीट केलं. तो परतला तेव्हा रिसीव्हरमधली धून थांबली होती. एक बाई बोलत होती.

"बरं... आईंचं वय? ... बरं. आणि काम कोणतं? ... तळ कापायचं. बरं."

तिच्या प्रश्नांमधल्या जागा मोकळ्या होत्या. त्याला तरी तिथे काही ऐकू आलं नाही.

"हॅलो!" तो ओरडला.

"ऐकू येतंय हो, ओरडता कशाला? झाली तुमची नोंद. सगळं व्यवस्थित सांगितलंत."

"पण मी..."

"फक्त ते टेबल ठोकू नका, कानाला लागतं. आणि तुमच्या आधी जे होते ना, त्यांचे आभार माना. स्वतःचा नंबर तुम्हाला दिलाय त्यांनी. ते अजून रांगेतच आहेत."

खट्. पुन्हा धून.

काम झालं होतं. रिसीव्हर ठेवायला काही हरकत नव्हती. धाकट्याचे डोळे भरून आले होते. तो तसाच बसून राहिला.

धुनीमागे एक ठोका पडला, अगदी दमलेला.

धाकट्यानं रिसीव्हर कानाशी नीट धरला आणि टेबलावर सावकाश तीनदा ठोकलं.

तिकडे खुर्ची सरकली. करकर करत पावलं दूर गेली, आणखी दूर, आणि विरली.

धून वाजत राहिली. धाकटा रांगेत बसून होता.

थोड्या वेळानं आतून आईची हाक आली.

"अरे, दार उघड. जिन्यात बोका आलाय बघ. बुटाला अजून तेल लावलं नाही मेल्यानं."