पाणी धरणारी टोपी

तळ्याकाठच्या पुनो शहराच्या धक्क्यावरून होडी सुटली, तेव्हा नेलिदाच्या पाठीवरची बॅग कशात तरी अडकली. तिनं हिसका दिला.

"अहो, थांबा... थांबा!" मागून कुणीतरी ओरडलं.

वळून पाहते तर बॅगेच्या बकलात लाल लोकरीचा धागा, आणि धाग्याच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण! मांडीवर अर्धवट विणलेली टोपी, आणि सायकलच्या तारांएवढ्या बारीक सुया. त्यातली एक टोपीतून निसटून लोंबत होती.

"किती उसवलं?" तिनं घाबरत विचारलं.

"तीन ओळी."

"म्हणजे... किती काम?"

"फार नाही." तो हसला. "तीन दिवसांचं."

शेजारी बसलेली तिची मैत्रीण योवाना फिस्सकन हसली. कोल्काच्या दरीतली गावं पायी पालथी घालून दोघी कालच तळ्याकाठी उतरल्या होत्या. "दादा, तुम्ही स्वस्तात सुटलात," ती म्हणाली. "मागच्या गावात हिच्या बॅगेनं एका आजींचे वाळत घातलेले बटाटे उतारावरून गडगडत सोडले. अख्खा गाव वेचत होता!"

"योवाना, गप बस!"

तरुणाचं नाव सेल्सो. ताकिले बेटावरचा. धागा मानेभोवतून घेऊन तो पुन्हा विणू लागला. नजर तळ्यावर, बोटं मात्र आपल्याच चालीनं चाललेली. नेलिदाचे वडील अरेकिपा शहरात पाव भाजतात. पीठ मळताना त्यांचे हात असेच बघत राहावेसे वाटायचे. आपलं काम मनापासून येणाऱ्या माणसाचे हात किती देखणे दिसतात, तिला वाटलं.

"तुमच्याकडे बायका विणत नाहीत?" तिनं विचारलं.

"बायका माग चालवतात. सुया आमच्या. आणि ही टोपी नुसती डोक्यावर घालायची नाही. मुलीचा बाप हिच्यात पाणी ओततो. थेंब गळला नाही तर जावई पसंत. गळला तर... बसा पुन्हा विणत."

"आणि मुलगी कोण?" योवानानं डोळे बारीक केले.

"टोपी आधी, मुलगी मग," तो म्हणाला, आणि त्याचे कान लोकरीसारखेच लाल झाले.

बेटावर सेल्सोच्या आईनं, साबिनाबाईंनी, दोघींना खोली दिली. ठरलं होतं एकच रात्र राहायचं आणि मग तळ्यापलीकडच्या कोपाकाबाना शहरात जायचं. पण सकाळी नेलिदा म्हणाली, "उसवलं मी. एक ओळ तरी मी विणून देणार."

"तळ्याकाठची शहरं वाट बघताहेत, आणि ही बाई टाके मोजत बसणार!" योवानानं कपाळावर हात मारला.

मग दोन दिवस नेलिदा दगडी कुंपणाशी उन्हात बसून शिकत राहिली. टाका निसटायचा, सुई बोटात टोचायची. सेल्सो एकदाही वैतागला नाही. "घाई नको. धाग्याला वाट दाखवायची, ओढायचं नाही," तो म्हणायचा. मग तिचं बोट हलकेच धरून नीट ठेवायचा आणि सोडायला जरासा उशीर करायचा... तीही बोट मागे घ्यायला विसरायची.

कुंपणावर विणत बसलेल्या म्हाताऱ्यांची करमणूक चालली होती. "अरे सेल्सो, ही मुलगी विणतेय की गळ टाकून मासे धरतेय?"

"मासा लागलाय, काका!" योवाना लांबून ओरडली. सगळे खो खो हसले. सेल्सोनं मान टोपीत घातली.

नेलिदाची ओळ अखेर पुरी झाली. वेडीवाकडी, मध्येच सैल. सेल्सोनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. "छान आहे," तो म्हणाला.

"खोटं!"

"तुझी आहे ना... म्हणून छान."

बस, एवढंच. पुढे तो मेंढ्यांबद्दल बोलला, गारांबद्दल बोलला. तिला हवा होता तो एक शब्द मात्र बोलला नाही. सोमवारी तिला अरेकिपाच्या दवाखान्यात नोकरीवर रुजू व्हायचं होतं. उद्या दुपारची होडी गेली की संपलं. आपणच वेड्यासारखं काहीतरी समजून बसलो नाही ना, असं तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी पाचशे पायऱ्या उतरून धक्क्यावर आल्या. होडीवाला दोर सोडू लागला, तोच सेल्सो धापा टाकत खाली आला. हातात टोपी. पुरी झालेली! रात्रभर जागल्याचं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"तुझे बाबा इथे नाहीत," तो कसाबसा म्हणाला. "पण... निदान सराव म्हणून..."

योवानानं तत्परतेनं घसा खाकरला. "आज मी हिचा बाप! आण ती टोपी." तिनं पाण्याच्या बाटलीतलं पाणी टोपीत ओतलं. होडीतले लोक उभे राहिले. होडीवाल्यानं दोर तसाच धरून ठेवला.

टोपी फुगली. थेंब नाही... थेंब नाही... आणि मग एका जागी पाणी जमलं, टपकलं. टप. पुन्हा टप.

"नापास," योवाना हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटलं.

नेलिदानं वाकून पाहिलं. बाकी सारे टाके कसे घट्ट, एकसारखे. गळत होती ती एकच ओळ. वेडीवाकडी, मध्येच सैल.

"सेल्सो! ही माझी ओळ तू उसवली का नाहीस? काल रात्री पुन्हा विणली असतीस, तर पास झाला असतास!"

"बसलो होतो ना उसवायला," तो खाली बघत म्हणाला. "दोनदा सुई लावली. हातच होईना. ती ओळ काढून टोपी पास झाली, तर पास होऊन करू काय? तूच नसशील तिच्यात."

नेलिदाचे डोळे भरून आले. होडीवाला म्हणाला, "पोरी, येतेस का राहतेस?"

"येते, काका. नोकरी आहे." ती होडीत चढली, आणि सेल्सोकडे वळली. "पुढच्या महिन्यात अरेकिपाला ये. ही टोपी घेऊन. माझ्या बाबांना पाणी ओतायचंय."

"पण ती गळेल, नेलिदा. तुझे बाबा..."

"गळू दे." दोर सुटला, होडी धक्क्यापासून सरकली. तिनं ओंजळ पुढे केली. "त्या ओळीखाली मी हात धरीन."