वसंताने निवडलेले तारे

हे घडलेलं आहे. कामाक्षीने मला ते गोविंदपुरमच्या विठ्ठलासमोर बसून सांगितलं, आणि तिथे ती खोटं बोलायची नाही.

यंदाचा आडी महिना, म्हणजे आषाढ-श्रावण. तमिळ मुलखातलं कुंभकोणम्. आणि भर दुपार... रात्र नव्हे.

कामाक्षी माझी मावसबहीण. ती आणि तिची मैत्रीण वसंता एका संस्थेसाठी काम करायच्या. स्वामीनाथच्या समयांच्या दुकानावर एक खोली, दोन संगणक. अवकाश दुर्बिणीचे जुने फोटो यायचे. दुर्बीण नेमकी कुठे बघत होती, यात थोडी चूक असतेच. म्हणून फोटोतले तारे ताऱ्यांच्या यादीशी जुळवायचे आणि फोटो तसूभर सरकवायचा. उरलेला फरक जितका कमी, तितकं काम चोख.

वसंताचा फरक नेहमी कमी.

कामाक्षी ठळक तारे घ्यायची. वसंता ते खोडून पुसट तारे निवडायची. "ठळक तारा पसरतो गे, त्याचा मध्य सांपडत नाहीं," म्हणायची. कामाक्षीला ते कळत होतं, पण वसंताचं ऐकायचं म्हणजे तिच्या पोटात दुखायचं.

मग वसंता तापाने गेली. चार दिवसांत.

कामाक्षी रडली. पण मनात पहिलं काय आलं, तेही तिने सांगितलं... आता कायमची जागा मलाच. जागा एकच होती. सहा फोटो बघून संस्थेचे विजयराघव सर ठरवणार होते.

पहिल्याच फोटोच्या दिवशी, तीन वाजता, ती कुलूप लावून कॉफीला खाली उतरली. परत आली तर...

ठळक तारे खोडलेले. पुसट निवडलेले. फरक निम्म्यावर.

वर कोणी गेलं नाही, स्वामीनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती बंद दाराला कान लावून उभी राहिली.

टिक्... टिक्... माउसचा आवाज.

मग थोडं थांबणं. वसंता विचार करताना थांबायची, तेवढंच.

भीती वाटली. पण पाच फोटो तिने तसेच पाठवले. शाबासकी तिला मिळाली, आणि ती जास्तच जळाली. मेल्यावरही हिचंच काम चांगलं!

सहाव्या फोटोला ती जागची उठली नाही. ठळक तारे स्वतः निवडले.

तीन वाजले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते...

एक तारा खोडला गेला.

मग दुसरा.

"वसंता! हें माझं काम! मेलीस नव्हे तूं? जा गे!"

सगळं थांबलं. कामाक्षीने आपले तारे पुन्हा भरले आणि फोटो पाठवून दिला.

संध्याकाळी सरांचा फोन. तेही आपल्यासारखेच इथल्या जुन्या मराठी घरातले, घरच्या मराठीत बोलतात.

"कामाक्षी, पांच बरीं जालीं. हें सहावं कोणीं केलं गे?"



सरांनी आणखी एक फोटो पाठवला आहे. जागेचं आता त्यावरच ठरेल. कामाक्षी रोज तीनला दार ओढून जिन्यात बसते. आत काही वाजत नाही.

"मग बोलाव की तिला," मी म्हटलं.

कामाक्षीने डोळे पुसले.

"बोलावलं तर येईल गे ती," ती म्हणाली. "आणि माझ्याहून बरं करील."

ती येईल, हे ती खात्रीने म्हणाली. त्या खोलीत मी अजून पाऊल ठेवलेलं नाही.