पाचव्या खोलीतली हवा

दादाच्या नव्या घराचा रिपोर्ट करून देईन असं मी कबूल केलं होतं, आणि घरच्या कामाला मी नेहमीच सगळ्यात शेवटी हात घालते. त्याचे तीन फोन येऊन गेल्यावर एका सोमवारी नकाशे उघडले.

माझं काम सांगायला सोपं, पटवायला अवघड. घर बांधायच्या आधीच ते पर्यावरणाला किती महागात पडणार, हे मी सॉफ्टवेअरवर काढते. सिमेंट, काच, विटा कुठून येणार, घर थंड ठेवायला किती वीज लागणार, उद्या पाडलं तर मलब्याचं काय. आकडा मर्यादेत असला तरच नगरपालिका परवानगी देते. ऑफिसातले आर्किटेक्ट म्हणतात, ही बाई सुंदर घरांची वजनं करत बसते. बसते! कुणीतरी बसायला हवंच ना.

या सॉफ्टवेअरमध्ये घरात माणसंही टाकावी लागतात. त्याच्या लेखी माणूस म्हणजे थोडी उष्णता आणि थोडा श्वास. कोण कुठल्या खोलीत झोपतं एवढं सांगितलं, की ते अख्खं वर्ष चालवून दाखवतं. बंद खोलीत रात्रभर उच्छ्वास साचतो, ग्राफ चढतो. सकाळी खिडक्या उघडल्या की उतरतो. वर्षभराची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते. रिकाम्या खोलीची रेघ मात्र सपाट असते, बाहेरच्या हवेइतकी.

दादाच्या घरात माणसं चार. आई, दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी टिल्लू. कॉलेजात जायला लागली तरी आमच्यासाठी टिल्लूच. मी चौघांना आपापल्या खोल्या दिल्या, बटण दाबलं आणि चहा घ्यायला गेले.

परत येऊन पाहिलं तर आईच्या खोलीची रेघ सप्टेंबरपर्यंत व्यवस्थित होती. पुढे सपाट.

मीच काहीतरी घोळ घातला असणार, म्हणून सगळी माहिती पुन्हा तपासली. आई त्या खोलीत वर्षभर झोपते असंच भरलेलं होतं. तिचे गुडघे दुखतात, वरची खोली तशीही तिच्या सोयीची नव्हती. मी तिला खाली आणलं, टिल्लूला वर पाठवलं आणि पुन्हा चालवलं.

आईची रेघ डिसेंबरपर्यंत छान दातेरी आली. टिल्लूची सप्टेंबरपासून सपाट.

मी भिंती बदलल्या. खिडक्या लहान केल्या, छपराचा रंग बदलला. या वेळी आई ठीक, टिल्लू ठीक. दादा-वहिनीच्या खोलीतले दाते सप्टेंबरनंतर अर्धेच उरले. दोघांचा श्वास एकाचा झाला होता. आणि दर वेळी रिपोर्टच्या तळाशी घराचा आकडा थोडा सुधारायचा. एक माणूस कमी म्हणजे वीज कमी, पाणी कमी. सॉफ्टवेअरला काय, आनंदच.

माझ्या शेजारी आमचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बसतो. प्रत्येक गोष्टीत वाद घालतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणतात. त्यानं फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवली आणि पहिल्यांदाच वाद घातला नाही.

"बाकीच्या प्रोजेक्टमध्ये होतंय असं?" त्यानं विचारलं.

"नाही. दिवसभर तेच तपासतेय."

"म्हणजे याच घरात एक माणूस कमी पडतोय."

"गप रे! माझी आई आहे त्यात."

ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांना फाइल पाठवली. त्यांचं उत्तर आलं, मॉडेलमध्ये काही दोष आढळत नाही. मला भीती वाटायला लागली, हे कबूल करते. उष्णता आणि विजेवर पोट भरणारी बाई मी, तरीही. मी दादाला फोन लावला.

"दुसरा प्लॉट बघू या का रे?"

"वेड लागलंय का? जुनं घर विकून झालंय. पुढच्या वर्षी रिकामं करून द्यायचंय. आईला काय तंबूत ठेवू?"

"हवेचा हिशेब जमत नाहीये इथे."

"तुझ्या त्या डब्याला सांग, आम्ही चौघंही श्वास घेतो. तुझी वहिनी तर घोरतेसुद्धा." मागून वहिनीचा आवाज आला, मग दोघांचं हसणं. मला रडू आलं आणि मी फोन ठेवला.

मार्ग वकिलानंच सुचवला. "त्याला एक कमीच करायचाय ना? मग एक जास्तीचा टाक."

आमच्या धंद्यात असले जुगाड चालतात. आकडा बसत नसला की कुणी जिन्याखाली कल्पनेतला पंखा लावतं, कुणी अंगणात कल्पनेतलं झाड. मी अडगळीच्या जागेची एक छोटी खोली केली. खोलीत कोण, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. मी लिहिलं, आत्या. मी तिथे कधीच राहणार नव्हते. माझा स्वतःचा फ्लॅट आहे, आणि दादाच्या घरी दोन दिवसांवर राहिले तर आमचं भांडण होतं. म्हटलं, माझ्या रिकाम्या खोलीतून घेऊ दे काय घ्यायचंय ते.

बटण दाबलं. या वेळी चहाला गेले नाही.

चौघांचे दाते डिसेंबरपर्यंत अखंड. आत्याची रेघ सप्टेंबरपासून सपाट. आकडाही मर्यादेत. मी खुर्चीत मागे टेकून मोठ्यांदा हसले. कितीतरी दिवसांनी हसले असेन. रिपोर्ट त्याच दिवशी दिला आणि दादाला बजावलं, सगळं करशील पण ती खोली गाळायची नाही.

"येणार तर नाहीस कधी," तो कुरकुरला. पण त्यानं खोली बांधली.

पुढच्या उन्हाळ्यात ते राहायला गेले. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष मोजमाप द्यावं लागतं, म्हणून मी बैठकीच्या खोलीसकट पाचही खोल्यांत हवा मोजणारं एकेक यंत्र ठेवलं. साबणाच्या वडीएवढं असतं. आकडा वाढला की हवेत उच्छ्वास जास्त, एवढंच ते सांगतं.

सप्टेंबरमध्ये मी रोज घरी फोन करायचे. आई वैतागली. "काय झालंय तुला? कशी आहेस, कशी आहेस! धडधाकट आहे मी." टिल्लूला साधी सर्दीही झाली नाही. महिना सरला आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्याच सुमारास ऑफिसमधल्या मीटिंगच्या खोलीतले दिवे बिघडले. आत माणूस असेपर्यंत ते आपोआप चालू राहतात. मी एकटी बसले की विझायचे. मी हात हलवायचे, उभी राहायचे, कागद फडफडवायचे. दारातून कुणी डोकावलं की लागायचे. वकील म्हणाला, "तू आहेस हे त्यांना मान्यच नाही." सगळे हसले, मीही हसले.

ऑक्टोबरात दादाचा फोन आला. "तुझ्या खोलीतलं यंत्र गंडलंय. रात्री आकडा चढतो, सकाळी उतरतो."

"टिल्लू जाऊन झोपत असेल."

"दाराला बाहेरून कडी आहे. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

रविवारी दुपारी मी गेले. दादा, वहिनी आणि टिल्लू स्वयंपाकघरात कशावरून तरी हुज्जत घालत होते. त्यांचे आवाज ऐकून इतकं बरं वाटलं, की मी काही वेळ बाहेरच उभी राहिले. मग आईबरोबर त्या खोलीची कडी काढली.

हवा कोंदट होती आणि उबदार. कुणी रात्रभर झोपून नुकतंच उठून गेल्यावर असते तशी. गादीवरचं प्लास्टिक ताणलेलं, स्वच्छ. मी खिडकी उघडली. यंत्राचा आकडा हळूहळू उतरायला लागला, म्हणजे यंत्र ठीक होतं.

तरी खात्री करायला मी त्यावर फुंकर मारली. फुंकर मारली की आकडा उडी मारतो, लहान मुलालाही जमतं.

आकडा उतरत राहिला.

पुन्हा मारली. उतरत राहिला.

"आण इकडे," आई म्हणाली. तिनं यंत्र तोंडापाशी धरून हळूच फुंकलं. आकडा भसकन चौपट झाला.

"चांगलं चालतंय की! तुलाच फुंकता येत नाही."

मी गाल फुगवून, सगळा जोर लावून फुंकलं. काही नाही.

"नाक चोंदलंय का गं तुझं?" आई हसत जवळ आली. तिनं माझ्या नाकाखाली बोट धरलं. लहानपणी मी तापानं फणफणून झोपले की धरायची तसं.

"काय झालं?" मी विचारलं.

बोट तिथेच होतं. तिचं हसू मावळलं.

मग तिनं ते बोट काढलं, पुसलं, आणि दुसऱ्या हाताचं धरून पाहिलं.