वीज आली की हाक

थोरला मुलगा मी. तैवानमधल्या लुगांग गावच्या आमच्या घरी पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे ताट मांडून त्यांना जेवायला हाक मारायची, हे काम माझं. पण नोकरी पडली लांब शिनचू शहरात. आत्या फोनवर सुनवायची, "सख्ख्या बापाला हाक मारायला जीभ झिजते का रे तुझी?"

शेवटी तळहाताएवढा कॉम्प्युटर घेतला, स्पीकर जोडला, माझा आवाज भरला: "आजोबा, बाबा, जेवायला या." वीज आली की प्रोग्रॅम आपोआप सुरू होणार. आईने सकाळी फक्त बटण दाबायचं. स्वतःवर मी जाम खूश होतो.

"आणि जेवण झालं का, हे कोण विचारणार?" आई म्हणाली.

त्यासाठी आमच्याकडे दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकतात. एक उताणी, एक पालथी पडली की मंडळी जेवून उठली. मगच ताट उचलायचं.

"ते राहू दे गं," मी म्हणालो.

वादळाच्या दिवसांत तिकडे वीज सारखी जाते-येते. दर वेळी तो कॉम्प्युटरचा डबा जागा व्हायचा आणि हाक मारायचा. ताट असो, नसो.

सणाला घरी गेलो तर आई वाळून काडी झालेली.

"अगं, जेवत नाहीस का?"

"जेवते की. पण अंगी लागत नाही बघ."

तिने भात वाढला. वाफाळता होता, पण चव नाही, वास नाही; कुणी आधीच सत्त्व खाऊन गेल्यावर उरलेली ओली माती चघळल्यासारखं वाटलं. आई मुकाट्याने तोच खात होती. शरमेने मी वाडगा बाजूला सारला.

मी वायर उपटली, डबा पिशवीत कोंबला, पाट्यांपुढे गुडघ्यांवर बसून चंद्रकोरी टाकल्या.

"बाबा, झालं जेवण?"

दोन्ही पालथ्या. नाही.

"चुकलो बाबा. आता उठा ना."

पालथ्या.

"आता तुझ्या डब्यालाच विचारायला सांग!" आत्या दारातून म्हणाली. पण उंबरा ओलांडून ती आत आली नाही. मला मान वर करवेना.

तेवढ्यात हाक आली. माझ्या आवाजात. पिशवीतून नाही, जेवणाच्या टेबलाकडून.

"आई, जेवायला ये."

हे मी भरलंच नव्हतं.

आईचा चेहरा खुलला. "आले रे, आले! उभ्या जन्मात पहिल्यांदा बोलावलंस." माझ्याकडे न बघताच ती टेबलाशी जाऊन बसली.

नको जाऊस, असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

आईने रिकामा वाडगा पुढे धरला. कुणी त्यात वाढत असल्यासारखा तो जड होत गेला आणि तिचा हात हळूहळू खाली आला.