बेचाळिसावी ऑसनगिल

"आधी माणसाकडे बघायचं, विनिफ्रेड, मग कागदाकडे. शाई वाळते, चूक ओलीच राहते."

पिकथॉलसाहेबांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. विनिफ्रेड टॉलेंटायर तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत नुकतीच लागली होती. साहेब जाऊन जमाना झाला. तीही निवृत्त झाली, पण ते वाक्य काही निवृत्त झालं नाही. सकाळी उठून एक स्तोत्र म्हणायचं, मगच चहा, हा तिचा नेम होता. स्तोत्र संपता संपता कधी कधी साहेबांचा आवाजही कानात येऊन जाई.

निवृत्तीनंतर कुणी बागेला लागतं, कुणी विणकामाला. विनिफ्रेड एका आडनावाच्या मागे लागली. ऑसनगिल. सारी नोकरी उत्तर इंग्लंडातल्या याच खोऱ्यात झाली, पण हे आडनाव तिने आपल्या हाताने दोनदाच लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा मृत्यूच्या वहीत. हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

मागच्या खोलीत तिने भिंतभर नकाशा लावला आणि टाचण्या टोचायला घेतल्या. आडनावाचं मूळ सोपं निघालं. खोऱ्याच्या टोकाला, कड्याखाली, ऑसनगिल नावाचं एकच शेतघर होतं, आणि जगातला प्रत्येक ऑसनगिल कधी ना कधी त्याच दारातून बाहेर पडलेला होता. १८४१च्या शिरगणतीत सगळ्या टाचण्या त्या घरापासून दोन तासांच्या वाटेत होत्या. चाळीस वर्षांनी त्या दक्षिणेला लँकेशायरच्या गिरण्यांकडे आणि बॅरोच्या जहाज-कारखान्यांकडे सरकलेल्या दिसल्या. तेव्हा माणसं होती दोनशे चौदा. मग सात जणांचं एक कुटुंब कॅनडाला गेलं. मग महायुद्ध झालं. टाचण्या विरळ होत गेल्या. आज जगभरात एकेचाळीस ऑसनगिल उरले होते आणि त्यातले बहुतेक साठीच्या पुढचे होते.

एकेचाळिसावा आयझॅक. वय एक्याऐंशी, बिनलग्नाचा, त्या मूळच्या घरात राहणारा शेवटचा.

त्याच्यासाठीच तर सगळी धावपळ होती. घर आणि डोंगर जमीनदाराचे. करार फार जुना, आणि त्यात एकच अट: त्या आडनावाचं माणूस तिथे मेंढ्या राखील तोवर जागा त्यांची. पंचवीस मार्चच्या आत आयझॅकने आपल्यामागून राहणाऱ्याचं नाव द्यायचं होतं. नाही दिलं, तर मेंढ्या खाली उतरवायच्या आणि घर सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने द्यायचं, असं ठरून गेलं होतं. इकडच्या डोंगरांवर कुंपण नसतं. आई जिथे चरली तिथेच लेक चरते. कुठल्या कड्याआड वारा लागत नाही, हे मेंढी आईकडून शिकते. एकदा कळप उतरवला की ती शिकवण तुटली. मग दुसऱ्या हजार मेंढ्या आणून सोडल्या तरी त्या भटकतात आणि मरतात.

विनिफ्रेडने चाळीस पत्रं लिहिली. सदतीस उत्तरं आली. सगळी प्रेमाची, सगळी नकाराची.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ती ही उत्तरं घेऊन आयझॅककडे गेली. त्याच्या स्वयंपाकघरात ओल्या लोकरीचा आणि कोळशाचा वास होता. टेबलाखाली मेग कुत्री पसरली होती.

"बरं, नाही म्हणाले तर नाही," आयझॅक म्हणाला. "जिवंत किती आहेत म्हणालीस?"

"एकेचाळीस. तुम्हाला धरून."

त्याने मान हलवली, जशी पावसाची बातमी ऐकून हलवावी. मग उठून घड्याळाच्या पेटीतून एक जाड वही काढली. पणज्यापासूनची कळपाची वही होती. दर नोव्हेंबरला डोंगरावरून मेंढ्या गोळा केल्या की त्यांची मोजदाद त्यात लिहीत, आणि मधे एखादी मेली तर तिची तारीखही.

"अठराशे एक्याऐंशी बघ."

दोनशे चौदा.

विनिफ्रेडने चष्मा पुसला. आपली यादी त्या वहीशेजारी ठेवली. बोट खाली खाली नेलं. जिथे तिच्याकडे आकडा होता तिथे वहीतही तोच होता.

"मेंढ्या काय, विकता येतात, विकत घेता येतात," ती म्हणाली. "हवा तेवढा आकडा ठेवता येतो."

"माझ्या बापानेही असंच म्हटलं होतं. वीस मेंढ्या विकत आणून सोडल्या. नाताळपर्यंत वीसच्या वीस गेल्या. काही खोकून, काही कड्यावरून." त्याने चहात साखर ढवळली. "आणि ते कॅनडावाले गेले ना, त्या आठवड्यात सात मेंढ्या पश्चिमेची धार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेल्या. तीनदा परत आणल्या. तीनदा गेल्या. शेवटी आज्जा म्हणाला, जाऊ द्या, त्यांनी तिकीट काढलंय."

"तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? वेड्यांच्या इस्पितळात चहा बेकार मिळतो म्हणतात."

ती हसली. पण वही मागून घेऊन ती घरी आली आणि आपल्या हातच्या त्या दोन मृत्यूंच्या तारखा काढल्या. दोन्ही आठवड्यांत वहीत एकेक मेंढी कमी झाली होती. दोन गोष्टी जुळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं आणि दिवा मालवला. दुसऱ्या सकाळी स्तोत्र म्हणताना तिची ओळ चुकली. असं आजवर झालं नव्हतं.

नोव्हेंबरात खोऱ्यातल्या धनगरांचा मेळा भरतो. ज्याच्या डोंगरावर दुसऱ्याची मेंढी चुकून आली असेल, त्याने ती घेऊन यायचं. कानाची कात्र आणि पाठीवरचा रंग बघून ज्याची त्याला परत करायची. मग दारूच्या गुत्त्यात बटाटे घातलेलं मटण आणि सोबत लाल कोबीचं लोणचं. त्या दिवशी अंगणात गर्दी होती, थंडीने सगळ्यांची नाकं लाल झाली होती.

आयझॅकने गाडीतून एकच मेंढी उतरवली. वर्षाच्या आतली, अजून अंगावर काळपट तपकिरी लोकर. कान अखंड. पाठीवर खूण नाही.

"ही कुणाची?" शेजारच्या डोंगरावरची बेस फॉदरगिल ओरडली. "ए म्हाताऱ्या, रंग संपला का डबा हरवला?"

"माझी नाही. गुरुवारी सकाळी कड्याखाली उभी होती. माझ्या मेंढ्यांत."

"एवढं कोकरू बिनखुणेचं वर्षभर राहिलं? मग स्वर्गातून पडली असेल. बघ, पंख आहेत का!"

लोक हसले. मग एकेकाने येऊन कान चाचपले, दात बघितले. हसू ओसरत गेलं. कुणीच ती आपली म्हणेना. हे त्या मेळ्यात कधी झालं नव्हतं. इथे मेंढी चुकते, पण बिनधन्याची नसते.

"रिवाजाने ती तुझ्याकडे राहील," बेस शेवटी जरा हळू म्हणाली. "वर्षभर खूण करायची नाही. कुणी मागायला आलं तर द्यायची."

आयझॅक विनिफ्रेडकडे वळला. "बेचाळीस," तो म्हणाला. "पोरी, तुझ्या यादीत एक माणूस कमी आहे."

सहासष्टाव्या वर्षी पोरी म्हणवून घेणं तिला एरवी आवडे. त्या दिवशी अंगावर काटा आला.

तिला वाटलं, मेंढी लहान, तेव्हा माणूसही लहानच असणार, कुठेतरी मूल जन्मलं असणार. तिने इंग्लंड, स्कॉटलंड, कॅनडा, सगळीकडे विचारून पाहिलं. त्या वर्षात ऑसनगिल नावाचं एकही मूल जन्मलेलं नव्हतं. नाताळपूर्वीचे चार आठवडे सुरू झाले. त्या दिवसांत ती गोड खात नसे. कोऱ्या चहाचा कप हातात घेऊन नकाशापुढे बसे, आणि एकेचाळीस टाचण्या तिच्याकडे बघत बसत.

उत्तर मिळालं ते चॅपलमध्ये. रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा होता. पाद्रीबाईंनी विचारलं, "या मुलाचं नाव काय ठेवता?" आणि आईने उत्तर द्यायच्या आत विनिफ्रेडच्या डोळ्यांपुढे एक ओली बाही आली.

निळ्या कोटाची ओली बाही, टेबलावर टेकलेली.

तीस वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आधीचा गुरुवार. कचेरी चारला बंद व्हायची होती. एक मुलगी बाळ घेऊन आली. बाप जानेवारीत वारला होता, लग्न झालेलं नव्हतं. "बाळाला त्याचं आडनाव लावायचंय," ती म्हणाली होती. बाप सही करायला नसेल तर बापाच्या रकान्यात नाव घालता येत नसे. पण आडनाव आई म्हणेल ते लावता येत होतं. विनिफ्रेडला ते ठाऊक होतं. घड्याळात पावणेचार झाले होते. "तुझंच लाव बाळा, पुढे कटकट नको," असं ती म्हणाली आणि लिहून मोकळी झाली.

त्या मुलीने तेव्हा सांगितलेलं आडनाव आज तिला स्वच्छ ऐकू आलं. चेहरा मात्र आठवेना. चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नव्हतं.

ती तशीच चॅपलमधून उठली आणि वर ऑसनगिलला गेली.

"आयझॅक, माझ्या यादीत एक रूबेन आहे, तरणाताठा गेलेला. तो तुमच्या घरातलाच ना? तीस वर्षांपूर्वी, जानेवारीत?"

त्याने विस्तवात कोळसा सारला. "रूबेन. भावाचा मुलगा. हे सगळं त्यालाच द्यायचं होतं. बर्फात मेंढ्या आणायला कड्यावर गेला. मेंढ्या आल्या."

मग तिने सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, पावणेचार वाजलेलेसुद्धा. सांगून झाल्यावर मान खाली घालून बसली. आयझॅक रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"कुठली होती ती?"

"मेरीपोर्टची. लोर्ना बेल. बाळाचं नाव टॅम्सिन."

"मेरीपोर्ट!" आयझॅकचे डोळे भरले होते, पण ओठ हसत होते. "तू कॅनडात पत्रं पाठवतेस, आणि पोर तिकडे बंदरावर, गाडीने तासाभरावर!" त्याने तिच्या हातावर आपला खरखरीत हात ठेवला. "मी आहे तोवर तिला एकदा इथे आण, विनी. राहिली नाही तरी चालेल. दार बघून जाऊ दे."

"आणीन," ती म्हणाली.

जुन्या पत्त्यावर पत्र गेलं आणि आठवड्याने उत्तर आलं. अक्षर मोठं, घाईचं.

'आई सप्टेंबरात गेली. तिच्या कपाटात बाबांचा फोटो आणि चिठ्ठ्या सापडल्या. मग मी वकिलाकडे जाऊन नाव बदलून घेतलं. सात नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी दहा वाजता. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायला कुणी नव्हतंच. सही केली आणि बाहेर येऊन उगाच रडले. तुम्हाला कसं कळलं? आधीच सांगते, मला मेंढ्यांची भीती वाटते. पण बंदरावरच्या नोकरीचा कंटाळा आलाय आणि डोंगराची भीती वाटत नाही. एकटीने यायला धीर होत नाही. कुणी न्यायला येईल का?'

विनिफ्रेडने सात नोव्हेंबर ही तारीख तीनदा वाचली. मग नकाशाशी गेली आणि मेरीपोर्टवर टाचणी टोचली.

शुक्रवारी सकाळी, मेरीपोर्टला निघण्याआधी, आयझॅकला सांगायला ती वर गेली. दहिवर गोठून पांढरं झालं होतं. ऊन निघालं होतं, पण त्यात ऊब नव्हती. खालच्या फाटकाशी गाडी ठेवून ती चालत निघाली.

दगडी भिंतीला मेंढ्यांपुरतं एक भोक ठेवलेलं असतं. कळप त्यातून एकेक करून वरच्या डोंगराकडे जात होता. रोज पुढे असायची ती आयझॅकची सर्वांत म्हातारी मेंढी. "ती म्हणजे मी," असं तो नेहमी थट्टेत म्हणे. आज पुढे काळपट तपकिरी मेंढी होती, बिनखुणेची. बाकीच्या मुकाट्याने तिच्यामागे चालल्या होत्या.

विनिफ्रेडने मोजल्या. एकेचाळीस.

म्हातारी मेंढी भिंतीच्या आडोशाला निजली होती. पाय पोटाखाली नीट घेतलेले होते. उघड्या डोळ्यांवर दहिवर जमलं होतं.

आयझॅक दारात उभा होता. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, रविवारचा कोट. मेग मात्र दारात नव्हती. ती अंगणाच्या पार टोकाला, फाटकाशी बसून कुईं कुईं करत होती.

"रस्ता शिकली बघ ती नवी," तो म्हणाला. "कुणी शिकवला नाही."

"आज तुमची मेंढी..."

"बघितली मी." तो शांत होता, खुशीत होता. "टॅम्सिनला आणायला निघालीस ना?"

"हो. दुपारच्या चहापर्यंत येतो आम्ही. किटली ठेवा."

"ठेवतो. सावकाश चालव गाडी. ती येईपर्यंत मी आहे इथेच. बोलणं झालंय."

विनिफ्रेडने कोटाची कॉलर वर केली.

थंडी एवढी होती की तिचा प्रत्येक शब्द पांढरी वाफ होऊन बाहेर पडत होता. फाटकाशी कुत्रीच्या तोंडून वाफ निघत होती. वर चढणाऱ्या एकेचाळीस मेंढ्यांवर वाफेचा एक पातळ ढग तरंगत होता.

आयझॅक अजून काहीतरी बोलत होता, वरच्या खोलीत अंथरूण घातलंय, उशाशी रूबेनचा फोटो ठेवलाय, असं काहीसं. विनिफ्रेड त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. उन्हात, कोटाच्या काळ्या कापडापुढे, हवा अगदी स्वच्छ होती; वाफेचा मागमूस नव्हता.

तिने मान डोलावली. फाटक हलकेच ओढून घेतलं, आणि मेरीपोर्टच्या वाटेला लागली.